फसलेल्या प्रयोगानंतरचा निर्णय: डॉ. गुलाम पेमान आणि लॅसिकची मूळ कल्पना

हे प्रकरण कशाबद्दल आहे

लेझरने चष्म्याचा नंबर घालवता येतो हे आता गावोगावी माहीत आहे. ज्या शस्त्रक्रियेला आपण लॅसिक म्हणतो, तिची मूळ कल्पना पेटंटच्या रूपात पहिल्यांदा मांडली ती इराणमधल्या शिराझच्या डॉ. गुलाम पेमान यांनी. लॅसिक होते डोळ्याच्या पुढच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर. पेमान मात्र मागच्या पडद्याचे सर्जन. त्यांची अख्खी कारकीर्द रेटिनावर उभी आहे. या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं सूत्र मला हेच वाटतं, म्हणून प्रकरण त्याच अंगाने मांडतो आहे.

तपासायचा आहे तो मुख्यतः एक निर्णय. सशांच्या कॉर्नियावर लेझरचा प्रयोग करून पाहिला आणि तो फसला. अशा वेळी माणूस साधारणपणे कल्पना सोडून देतो, नाहीतर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा रेटतो. पेमान यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी काय केलं, आणि त्याचं फळ व किंमत काय, हे पुढे आहे. रुग्णांची ओळख पटेल असा तपशील यात नाही. नावं आहेत ती सार्वजनिक नोंदीतल्या माणसांचीच.

पार्श्वभूमी

पेमान यांचा जन्म १९३७ चा. इराणमध्ये आधुनिक नेत्रशल्यचिकित्सा तेव्हा नुकती कुठे रुजत होती. फ्रान्समध्ये शिकून परतलेले प्राध्यापक मोहम्मद-कोली शम्स यांनी १९३५ साली तेहरानमध्ये देशातलं पहिलं कॉर्निया रोपण केलं होतं, आणि तेहरान विद्यापीठ त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालेलं. शम्स यांच्याप्रमाणे त्या पिढीतले अनेक तरुण वैद्यक शिकायला युरोपात जात. पेमानही १९ व्या वर्षी जर्मनीला गेले. १९६२ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून डॉक्टर झाले, डुइसबुर्गच्या रुग्णालयात त्यांनी उमेदवारी केली आणि नेत्रशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी ते एसेनला आले.

एसेनला येणं हा मोठा योग होता. तिथल्या नेत्रविभागाचे प्रमुख होते गेर्ड मायर-श्विकेराथ. १० जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे त्याच्या पडद्यावर भाजल्याचा व्रण उमटला होता. तो व्रण पाहताना मायर-श्विकेराथ यांच्या मनात आलं, की प्रकाशाच्या चटक्याने पडदा असा भाजत असेल, तर फाटलेला पडदा त्याच चटक्याने चिकटवता का येऊ नये? सुरुवातीला त्यांनी आरशांनी सूर्याचा झोत वळवून रुग्णाच्या डोळ्यात सोडला. आभाळ भरून आलं की उपचार बंद. पुढे १९५० च्या दशकात झाइस कंपनीबरोबर झेनॉन दिव्याचं यंत्र तयार झालं, आणि लेझरचा शोध लागण्याआधीच डोळ्यात प्रकाशाने शस्त्रक्रिया होऊ लागली.

अशा विभागात पेमान यांनी १९६९ पर्यंत शिक्षण घेतलं. प्रकाश हे डोळ्याच्या सर्जनचं हत्यार आहे, ही गोष्ट त्यांना नवलाची वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं. पुढे लॉस एंजेलिसच्या ज्यूल्स स्टाइन संस्थेत रेटिनाचं विशेष शिक्षण घेऊन ते १९७१ मध्ये शिकागोला, इलिनॉय विद्यापीठात रुजू झाले.

शिकागोतली सोळा वर्षं त्यांची सर्वांत भरभरून गेली. मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव, व्हिट्रियस, छोट्या छिद्रातून कापून काढायची पद्धत नुकतीच सुरू केली होती; पेमान यांनीही त्यासाठी स्वतःची उपकरणं तयार केली. डोळ्यात कर्करोगाची गाठ झाली की अख्खा डोळा काढून टाकायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. त्याऐवजी गाठीसह डोळ्याच्या भिंतीचा तेवढाच तुकडा कापून डोळा वाचवण्याची शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली.

आणि त्यांनी डोळ्यात थेट औषध द्यायचं काम हाती घेतलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा निर्णय कोणत्या सवयीतून आला ते इथे दिसतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होतो आणि पू साचतो. एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. त्या काळी सलाइनमधून, गोळ्यांमधून किंवा डोळ्याच्या बाहेरच्या पापुद्र्याखाली सुई देऊन अँटिबायोटिक दिलं जाई. रक्त आणि पडदा यांच्यामध्ये निसर्गाने एक अडसर ठेवला आहे, त्यामुळे ते औषध आत पुरेसं पोचतच नसे. मग थेट व्हिट्रियसमध्येच का सोडू नये? हा विचार पेनिसिलिनच्या जमान्यातही काहींनी केला होता. पण पडदा इतका नाजूक, की औषध जंतूंना मारण्याआधी पडद्यालाच मारेल ही भीती. पेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या डोळ्यांत एकेका औषधाची सुरक्षित मात्रा शोधायचं चिकाटीचं काम केलं आणि १९७४ पर्यंत रुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष छापले.

ही सुई दिली जाते ती बुबुळाच्या काठापासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, कारण तिथून आत गेल्यास ना नैसर्गिक भिंगाला धक्का लागतो ना पडद्याला. औषध असतं जेमतेम ०.१ मिली. अख्ख्या व्हिट्रियसचं आकारमानच सुमारे ४ मिली, त्यामुळे जास्त द्रव आत गेला तर डोळ्याचा दाब एकदम चढतो. त्या थेंबभर औषधात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा मोजून घ्यावा लागतो.

आजार आत आहे तर उपाय बाहेरून कशाला, ही पेमान यांची धारणा अशा कामातून पक्की झाली असणार.

अडचण

डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) धरली, तर त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे. तिचा बाक थोडा सपाट केला की उणे नंबर उतरतो. तत्त्व सोपं आहे, पण ती मध्यभागी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि तिला आरपार स्वच्छ राहावंच लागतं. शरीरावर इतरत्र व्रण राहिला तर फार तर खूण दिसते. कॉर्नियावर व्रण राहिला की आपण म्हणतो डोळ्यात फूल पडलं.

१९७० च्या दशकात दोन मार्ग चर्चेत होते. कोलंबियात, बोगोटाला, होसे बाराकेर यांनी कॉर्नियाची वरची चकती एका यांत्रिक रंध्याने कापून काढायची, ती गोठवायची, सूक्ष्म लेथवर घासून तिला नवा आकार द्यायचा आणि परत शिवायची अशी पद्धत बसवली होती. दूरदृष्टीचं काम होतं. पण गोठवण्यात पेशी मरत, नजर स्वच्छ व्हायला फार वेळ लागे आणि ते यंत्र चालवणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. दुसरा मार्ग मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी लोकप्रिय केलेला: हिऱ्याच्या पात्याने कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे खोल छेद द्यायचे, म्हणजे कडा सैल पडून मध्य सपाट होतो. झटपट होणारी शस्त्रक्रिया, पण नंबर नेमका किती उतरेल याची खात्री नाही आणि कॉर्निया कायमची कमकुवत.

पेमान यांच्या गटाने लेझर लावून पाहिला. हाताशी होता कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याची ऊर्जा पाणी शोषून घेतं, आणि कॉर्निया बहुतांशी पाणीच. सशांच्या कॉर्नियावर त्यांनी ठरावीक नक्षीत चटके दिले आणि बाक बदलतो का ते मोजलं. निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. बाक बदलता येतो हे दिसलं, पण उष्णतेने ऊती भाजून निघाली आणि पृष्ठभागावर व्रण उरले. आकार हवा तसा मिळाला तरी काच गढूळ झाली तर त्या आकाराचा उपयोग काय?

समोरचे पर्याय

त्या क्षणी कोणकोणते रस्ते मोकळे होते हे त्या काळच्या शास्त्रावरून मांडता येतं.

कॉर्नियाचा नाद सोडून रेटिनाकडे परतणं सर्वांत सुरक्षित होतं. तिथे त्यांचं नाव होतं, रुग्ण होते, कामाचा ढीग होता. चष्मा लावून दिसणाऱ्या माणसाच्या निरोगी डोळ्यावर शस्त्रक्रिया करावीच का, हा प्रश्नही तेव्हा अनेक नेत्रतज्ज्ञ गंभीरपणे विचारत होते, आणि तो रास्तच होता.

तोच लेझर आणखी बारकाईने वापरणं, म्हणजे ताकद कमी, चटके छोटे, नक्षी वेगळी, हा रस्ता प्रयोगशाळेत सर्वांत मोहाचा. वर्षभर निबंध छापता येतील एवढी सामग्री त्यात होती. पण भाजणं हा त्या लेझरचा स्वभावच असल्याने व्रण कमी झाला असता, गेला नसता.

तिसरा रस्ता पात्याच्या शस्त्रक्रियेकडे वळायचा. अमेरिकेत तिची लाट येऊ घातली होती.

चौथा रस्ता असा, की फसलेल्या प्रयोगाचे दोन भाग वेगळे करायचे. हत्यार चुकलं, की जागा चुकली? दोन्ही चुकली असतील तर दोन्हींची उत्तरं एकाच वेळी मिळायची गरज नाही. योग्य हत्यार तेव्हा बाजारात नव्हतं. पण जागेचा प्रश्न लगेच सोडवता येत होता. व्रण पृष्ठभागावर उमटतो. मग लेझर पृष्ठभागावर मारायचाच कशाला?

निर्णय

पेमान यांनी हा चौथा रस्ता धरला. कॉर्नियाचा पुढचा पातळ थर कापून बाजूला करायचा, आत उघड्या पडलेल्या भागावर लेझर चालवून हवा तेवढा आकार द्यायचा, आणि तो थर पुन्हा जागेवर बसवायचा. वरची त्वचा आणि तिच्याखालचा बोमनचा थर, जो एकदा गेला की पुन्हा येत नाही, दोन्ही शाबूत राहतात. जखम बरी होण्याची सगळी धामधूम ज्या पृष्ठभागावर चालते, त्याला लेझरचा स्पर्शच होत नाही.

थर कापण्याची करामत बाराकेर यांची, लेझर भौतिकशास्त्रज्ञांचा. पेमान यांचं योगदान या दोन्हींच्या जोडणीत आहे, आणि लेझरची जागा बदलण्यात. ज्याने आयुष्य पृष्ठभाग जपण्यात घालवलं, अशा कॉर्नियाच्या सर्जनला तो थर उचलून आत काम करायचं धाडस कदाचित पटकन झालं नसतं. रेटिनाचा सर्जन रोजच डोळ्याच्या आत शिरतो. या निर्णयाच्या मुळाशी बाहेरून आलेल्या माणसाची ही निर्धास्त नजर आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

काय केलं

हत्याराचा प्रश्न दुसरीकडेच सुटत आला होता. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे एक्सायमर लेझरवर काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी १९३ नॅनोमीटरचा अतिनील झोत सोडला आणि कडेला भाजल्याची खूणही न ठेवता स्वच्छ छेद मिळाला. हा लेझर ऊती जाळत नाही, तिच्या रेणूंमधले बंध तोडतो. एका ठोक्याला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, जेमतेम पाव भाग निघतो. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत तो कॉर्नियावर वापरून दाखवला.

बहुतेकांनी तो पृष्ठभागावर वापरायचं ठरवलं. वरची त्वचा खरवडायची आणि खालचा भाग लेझरने घडवायचा, हीच पुढे पीआरके म्हणून रूढ झालेली पद्धत. पेमान मात्र थराखालच्या कल्पनेलाच चिकटून राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि २० जून १९८९ रोजी अमेरिकेचं ४८४०१७५ क्रमांकाचं पेटंट त्यांना मिळालं. विषय होता कॉर्नियाचा बाक बदलण्याची पद्धत. त्याच वर्षी सशांच्या कॉर्नियावर २.९ मायक्रॉन तरंगलांबीचा अर्बियम-याग हा अवरक्त लेझर वापरल्याचे निष्कर्षही त्यांच्या गटाने छापले. म्हणजे जागा पक्की झाली तरी हत्याराचा शोध त्यांनी एकाच लेझरवर थांबवला नव्हता.

दुसरी निर्णयाची जागा ही. कल्पना आधी कागदावर कायद्याने बांधून घ्यायची की आधी रुग्णांपर्यंत न्यायची? पेमान यांनी पेटंटला प्राधान्य दिलं. उपकरणं बनवणाऱ्या, पुढे शंभरावर पेटंट नावावर जमवणाऱ्या माणसाला ते स्वाभाविकच होतं. त्यामुळे कल्पनेची तारीख निर्विवाद झाली. पण शस्त्रक्रियेला घडवतात ते तिला रोज हात लावणारे लोक, आणि ती घडण दुसऱ्यांच्या हातून झाली.

पेमान १९८७ मध्ये शिकागो सोडून न्यू ऑर्लिन्सला, लुइझियाना स्टेट विद्यापीठात आले. तिथेच १९८८ मध्ये मार्गरेट मॅकडोनल्ड यांनी दिसणाऱ्या मानवी डोळ्यावर पहिली पृष्ठभागावरची एक्सायमर शस्त्रक्रिया केली. एकाच शहरात, एकाच विद्यापीठात एक वाट पृष्ठभागावरून चालली होती आणि दुसरी थराखालून. या योगायोगाने मी आजही चकित होतो.

परिणाम

क्रीट बेटावर, हेराक्लिऑनला, योआनिस पालिकारिस यांनी थर पूर्ण कापून वेगळा न करता एका कडेला बिजागरीसारखा जोडलेला ठेवला, पुस्तकाच्या पानासारखा उलटला, एक्सायमर चालवला आणि परत मिटला. टाके घालायची गरज राहिली नाही, थर फिरून वाकडा बसण्याची भीती गेली. १९९० मध्ये त्यांचा निबंध आला आणि लॅसिक हे नाव रूढ झालं. मिलानला लुचिओ बुरात्तो त्याच सुमारास जवळपासच्या पद्धतीवर काम करत होते. त्यामुळे लॅसिकचा जनक कोण या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळं उत्तर मिळतं. माझ्या मते थराखाली लेझर ही कल्पना पेमान यांची आणि आज टेबलावर होते ती शस्त्रक्रिया पालिकारिस यांची. दोघांना त्यांचं त्यांचं श्रेय देण्यात कुणाचंच कमी होत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आधी १९९५ मध्ये पृष्ठभागाच्या पद्धतीला मान्यता दिली आणि दशक संपता संपता लॅसिकला. लोकांनी मात्र लॅसिकच उचलून धरली, कारण दुखणं कमी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ दिसतं. २०११ पासून एक्सायमरशिवाय, कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराचा तुकडा कोरून छोट्या छेदातून काढण्याची पद्धतही वापरात आली. पृष्ठभाग जपून आत काम करायचं, हे सूत्र तिथेही तेच आहे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते पेमान यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान आणि नवोन्मेष पदक मिळालं. लॅसिकबरोबरच डोळ्यात औषध देण्याचं क्षेत्र विकसित केल्याबद्दल आणि रेटिनाच्या शस्त्रक्रियेतल्या कामाबद्दल तो सन्मान होता. त्याच समारंभात श्रीनिवासन, वाइन आणि ब्लम यांनाही गौरवण्यात आलं.

पदकाच्या मानपत्रातला तो औषधाचा भाग लॅसिकच्या झगमगाटात नेहमी झाकोळतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. लॅसिकने चष्मा जातो. डोळ्यातल्या इंजेक्शनने दृष्टी वाचते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ४२० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की शस्त्रक्रियेनंतरच्या अशा संसर्गात डोळ्यात औषध दिलेलं असताना शिरेतून अँटिबायोटिक देऊन वेगळा फायदा होत नाही. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या नेत्र रुग्णालयात असा संसर्ग झाला तर व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम थेट व्हिट्रियसमध्ये देणं हा नेहमीचा उपचार आहे. २००५ नंतर मधुमेहाने किंवा वयाने सुजलेल्या पडद्यासाठी जी इंजेक्शनं सर्रास दिली जाऊ लागली, ज्यांना आपल्याकडे पेशंट ‘डोळ्यातली सुई’ म्हणतात, ती याच वाटेने आत जातात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मुद्दा सशाचा. सशाच्या पडद्यात माणसासारखा मॅक्युला नसतो, म्हणजे वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणारा तो मधला बिंदूच नसतो. रक्तवाहिन्यांची मांडणीही वेगळी. डोळ्यातल्या अँटिबायोटिकांच्या सुरुवातीच्या काळात जेंटामायसिन भरपूर वापरलं गेलं. पुढे काही रुग्णांत मॅक्युलाचा रक्तपुरवठाच बंद पडल्याचं दिसलं, आधी जास्त मात्रेत आणि मग सुरक्षित समजल्या जाणाऱ्या मात्रेतही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रेटिना तज्ज्ञांच्या पाहणीतून हा धोका ठळक झाला आणि जेंटामायसिन मागे पडलं. ज्या प्राण्याला मॅक्युलाच नाही, त्यात मॅक्युलाची इजा कशी दिसणार? माकडांच्या डोळ्यांवरची चाचणी आणि रुग्णांची मध्यवर्ती नोंदवही सुरुवातीपासून काटेकोर असती, तर हा धोका बराच आधी हाती लागला असता. त्या काळी पर्याय डोळा गमावण्याचा होता, त्यामुळे औषध वापरणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. नोंद ठेवण्यात मात्र उशीर झाला.

दुसरा मुद्दा कॉर्नियाच्या ताकदीचा, आणि हा लॅसिकशी संबंधित सगळ्यांनाच लागू पडतो. थर परत बसवला तरी तो पूर्वीसारखा ताण पेलत नाही. ताण पेलतो खालचा उरलेला भाग. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कॉर्निया ५४० मायक्रॉन, नंबर उणे १०, लेझरचं वर्तुळ ६ मिलिमीटरचं. एका नंबरला साधारण १२ मायक्रॉन जातात, म्हणजे दहाला १२०. जुन्या यंत्राने कापलेला थर १६० मायक्रॉनचा धरला तर खाली उरले २६०. पुढे रूढ झालेली किमान मर्यादा २५० ची, म्हणजे हा रुग्ण काठावर. तोच कॉर्निया ५०० चा असता तर उरले असते २२०. अशा डोळ्यांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कॉर्निया पुढे फुगून शंकूसारखी होण्याचे प्रसंग १९९० च्या दशकाच्या अखेरीस नोंदवले जाऊ लागले. तोवर अनेकांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. थर कापताना तिथल्या नाजूक नसाही तुटतात आणि डोळे कोरडे पडतात, हेही पुढेच कळलं. मूळ कल्पनेचा सगळा भर व्रण टाळण्यावर होता, आणि तो प्रश्न सुटलाही. ताकदीचा प्रश्न मात्र तेव्हाच विचारला गेला असता, प्राण्यांच्या डोळ्यांत आकाराबरोबर मजबुतीही वर्षानुवर्षं मोजली गेली असती, तर कुणाची लॅसिक करू नये याची यादी शस्त्रक्रियेबरोबरच बाजारात आली असती. ती दहा-बारा वर्षं मागाहून आली.

तिसरा मुद्दा सहकार्याचा. पेटंट हातात असताना आणि विद्यापीठात पृष्ठभागाच्या शस्त्रक्रियेचं काम शिगेला पोचलेलं असताना, थराखालच्या पद्धतीची रुग्णांवरची पद्धतशीर चाचणी न्यू ऑर्लिन्सलाच उभी राहू शकली असती. दोन्ही पद्धतींची तुलना एकाच ठिकाणी, सारख्या मोजपट्टीने झाली असती. प्रत्यक्षात ती तुलना जगभरच्या दवाखान्यांत, विखुरलेल्या आकड्यांमधून, कित्येक वर्षांत हळूहळू झाली.

आज पुण्या-मुंबईत किंवा नगर-कोल्हापुरात लॅसिकसाठी जाणाऱ्याच्या कॉर्नियाचा आधी संगणकावर रंगीत नकाशा काढतात, आणि शंका आली तर चांगला सर्जन सरळ नाही म्हणतो किंवा पृष्ठभागाची जुनी पद्धत सुचवतो. या तपासणीच्या कागदावर कॉर्नियाची मूळ जाडी, थराची जाडी आणि लेझरनंतर उरणारे मायक्रॉन हे तिन्ही आकडे असतात. पैसे भरण्याआधी ते मागून घ्यावेत आणि डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.